गुरुपादअण्णांचं निदान

गाडी बंद पडते अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की गुरुपादअण्णा आधी बॉनेट उघडत नसत. ते मालकाला गाडीपासून लांब, भर रस्त्यावर उभं करत आणि म्हणत, "कशी बंद पडती? तोंडानं आवाज काढून दाखवा." समोरचा हसायचा. त्याला थट्टा वाटायची. अण्णा हसायचे नाहीत. स्टुलावर बसून, चिंधीनं बोटं पुसत ते वाट बघायचे. मग तो माणूस, कुणी वकील, कुणी कॉलेजातले प्राध्यापक, एकदा तर एक पोलीस अधिकारी, इकडेतिकडे बघून हळूच 'घुर्र, घुर्र, फट' असं काहीतरी करायचा. "ऐकू न्हाय आलं," अण्णा म्हणायचे. "गाडी एवढ्या हळू बोलती व्हय? परत." तोवर गल्लीतले सगळे मेस्त्री हातातली कामं टाकून आपापल्या दारात आलेले असायचे.

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या मागच्या अंगाला आमची गॅरेजांची गल्ली आहे. माझं स्पेअर पार्टचं दुकान अण्णांच्या शेडच्या बरोबर समोर. त्यामुळे हा खेळ मी काउंटरवर बसून वर्षानुवर्षं पाहिला. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, आवाजावरनं खरंच काही कळतं का?"

"आवाजावरनं काय कळतंय," अण्णा म्हणाले. "माणूस लाजला की खरं बोलतो. मग इचारायचं, गाडीला आधी कुणी हात लावला. एरवी सांगत न्हाईत. पोरीचं मोडलेलं लग्न लपवल्यासारखं लपवतात."

अण्णा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बिनबाह्यांचा खाकी अंगरखा, डोळ्याला कधीच चष्मा नाही. जुन्या पेट्रोल गाड्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या, हे त्यांचं राज्य होतं. चादरीचा एक तुकडा जमिनीवर अंथरून त्यावर ते कार्ब्युरेटर सुटा करत, पेट्रोल जायच्या बारीक भोकाचं प्रत्येक जेट पेट्रोलमध्ये बुडवून तोंडानं फुंकत, आणि फुंकर आरपार गेली की डोळे मिटत. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका शांत दिसायचा, की हाच माणूस घटकाभरापूर्वी कुणाचा तरी पाणउतारा करत होता हे खरं वाटू नये. माझ्याकडून नेलेला पार्ट पसंत पडला नाही तर ते उठून परत द्यायला येत नसत. शेडमधूनच रस्त्यापलीकडे फेकायचे. "दुकानदार, हे तुज्या सासऱ्याच्या गाडीला लाव," असं म्हणून. पण त्यांनी परत फेकलेला पार्ट मी नीट तपासला, की तो दर वेळी खरोखरच सदोष निघायचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडी खोटं बोलत न्हाय. मालक बोलतो, मेस्त्री बोलतो." हे ते इतक्यांदा म्हणत, की गल्लीतले लोक त्यांच्या मागे त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचे. समोर मात्र कुणाची छाती नव्हती. अण्णांनी एखाद्याला नाव ठेवलं की ते नाव त्याच्या दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त दिवस टिकायचं. एका वेल्डरला त्यांनी 'अंधार' म्हटलं. तो माणूस गल्ली सोडून गेला, तरी त्याच्या जागेवर आलेल्या नव्या वेल्डरलाही लोक अंधारच म्हणत राहिले.

स्वतःच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. शिवानंद त्यांचा एकुलता एक. पदवी झाल्यावर काही दिवस तो शेडमध्ये येऊन बसायचा. एकदा त्याच्या हातून प्लगच्या वायरी उलटसुलट बसल्या आणि इंजिन धडाधडा उडायला लागलं. अण्णांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याच्या हातात झाडू दिला. शिवानंदनं शेड झाडली, अगदी कोपऱ्यांपर्यंत नीट झाडली, झाडू जागेवर ठेवला आणि त्याच आठवड्यात पुण्याला नोकरी धरली. तो दिवाळीला यायचा, पण बापाच्या शेडमध्ये त्यानं परत पाऊल टाकलं नाही.

मुलगा गेल्यावर अण्णांच्या हाताखाली टिकलेला माणूस एकच, नरसू. नरसू सोलापूरच्या पूर्वभागातल्या, मागवाल्यांच्या वस्तीतल्या विणकर कुटुंबातला. घरी आईशी तेलुगू बोलायचा. बापाचे टॉवेलचे माग बंद झाल्यावर, नुकतंच लग्न झालेलं असताना, तो काम शिकायला अण्णांकडे आला. शिकाऊ पोरांपेक्षा वयानं मोठा होता, म्हणून अण्णा त्याला आणखी टोचून बोलायचे. त्यानं जोडलेला कार्ब्युरेटर ते गिऱ्हाइकासमोर परत सुटा करायला लावत. का, ते सांगत नसत. नरसू गप्प राहून परत जोडायचा. "सुम् कुंद्र," अण्णा त्याला म्हणायचे, म्हणजे गप्प बस. तो आधीच गप्प असायचा. पण दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना अण्णा त्याला जे सांगत, ते दुसऱ्या कुणाला सांगत नव्हते. पेट्रोल कमी पडून इंजिन मरतं तेव्हा कसं मरतं, करंट तुटून मरतं तेव्हा कसं. पहिलं दम लागून बसल्यासारखं बसतं, दुसरं गोळी लागल्यासारखं. नरसू घास हातात धरून ऐकायचा.

सगळं शिकून झाल्यावर त्यानं गल्लीच्या टोकाला स्वतःचं गॅरेज काढलं. पूजेच्या दिवशी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, लक्ष्मीनं, अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. अण्णांनी पेढा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "पेढा चांगला हाय. काम बघू."

काम चांगलंच होतं. हळूहळू अण्णांची काही जुनी गिऱ्हाइकं नरसूकडे वळली. तो आवाज काढायला लावत नव्हता, बसायला खुर्ची द्यायचा. अण्णांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तो काढला नाही, याचीच मला भीती वाटायची.

मग पवारसाहेबांच्या गाडीचं प्रकरण झालं.

पवारसाहेब रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त होऊन होटगीला राहत होते. त्यांची जुनी पेट्रोल गाडी बरीच वर्षं घरामागे झाकून पडली होती. निवृत्तीनंतर त्यांनी ती नरसूकडून पुन्हा रस्त्यावर आणली. टाकी आतून गंजून चाळण झाली होती. नरसूनं ती उतरवली, एका कारागिराकडून भोकं बुजवून आतून गंज न धरणारा लेप मारून घेतला, नवा पेट्रोल पंप बसवला, कार्ब्युरेटर धुतला, सगळे पाइप बदलले. गंजलेल्या झाकणाच्या जागी बाजारातलं चकचकीत, किल्लीचं झाकण आलं. गाडी सुरेख चालू लागली. पवारसाहेब पेढे घेऊन आले होते.

थोड्याच दिवसांत गाडी चालता चालता बंद पडू लागली. काही अंतर नीट जायची, मग दम तुटत तुटत थांबायची. जरा वेळ उभी ठेवली की काहीच झालं नाही अशी पुन्हा चालू व्हायची. नरसूनं तपासलं आणि पवारसाहेबांना सांगितलं, "साहेब, टाकी परत उतरवावी लागेल. आतला लेप सुटतोय असा मला संशय आहे." पवारसाहेब चिडले. आत्ताच तर सगळं केलं, आता परत तेच कशाला, म्हणून गाडी तशीच घेऊन गेले.

आणि एका दुपारी ती गाडी होटगीच्या रेल्वे फाटकात, बरोबर रुळांवर बंद पडली. शेजारी त्यांची बायको बसलेली. रेल्वे यायला वेळ होता, लोक धावले, सगळ्यांनी मिळून ढकलून ती पलीकडे काढली. कुणाला काही झालं नाही. पण ज्या माणसानं जन्मभर रुळांवरून गाड्या नेल्या, त्याला त्या रुळांवर बसून स्टार्टर मारावा लागला होता. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन अण्णांकडे आले.

अण्णांनी सवयीप्रमाणे आवाज काढायला सांगितला.

"बंद पडते तेव्हा आवाजच नसतो," पवारसाहेब म्हणाले. "तेल संपलेला दिवा विझावा तशी विझते."

अण्णांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हे बरोबर सांगितलं," ते म्हणाले आणि किल्ली मागून घेतली. दोघं गाडी घेऊन विजापूर रस्त्यानं गेले. परत आले तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणावं लागेल. गाडी वाटेत बंद पडली होती. अण्णांनी उतरून फक्त टाकीचं झाकण फिरवलं, तेव्हा आत हवा शिरल्याचा 'सुस्स' आवाज झाला, आणि गाडी लगेच चालू झाली. नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल बाहेर जाईल तशी टाकीत पोकळी होत होती आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नव्हतं.

एवढं सापडल्यावर दुसरा कुणी झाकण बदलून मोकळा झाला असता. अण्णांनी शेजारच्याला सांगितलं, "नरसूला बोलाव. म्हणावं, गुरूनं बोलावलंय."

उन्हाळ्याचे दिवस होते. नरसू हात पुसत आला. त्याच्यामागून लक्ष्मी, दुपारचा डबा घेऊन आलेली, ती तशीच डबा हातात धरून आली. गल्ली जमली होती.

अण्णांनी झाकण त्याच्या हातात दिलं. "यात हवा जायला भोक कुटं हाय, दाखव."

नरसूनं झाकण उलटंपालटं केलं. "नाही," तो म्हणाला. "चुकलं अण्णा. बघायला पाहिजे होतं. पण आजार तेवढाच नाही. मी झाकण काढून ठेवून गाडी चालवून बघितली होती, तरी बंद पडली. टाकी उतरवून बघा."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू. लेप सुटतोय."

"मी तुला शिकवलं का तू मला?" अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बरं. तुला कळत न्हाय तर कळवतो. तोंड मिट. नाक धर."

नरसूला आधी कळलं नाही.

"टाकी झालास तू आता. झाकण लागलं. धर नाक. मी सांगीन तवा सोडायचं."

लोक हसले. नरसूनं एकवार अण्णांकडे पाहिलं. पायावर डोकं ठेवलेला माणूस तो. त्यानं ओठ मिटले आणि नाक धरलं. अण्णा त्याच्याकडे पाठ करून पवारसाहेबांना समजावू लागले. पेट्रोल कसं खाली येतं, त्याच्या जागी हवा कशी यावी लागते, नाही आली तर काय होतं. सावकाश, एकेक शब्द घोळवत. पवारसाहेब म्हणाले, "अहो पुरे, कळलं मला." अण्णा म्हणाले, "पूर्ण ऐका की." नरसूचा चेहरा काळानिळा होत चालला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. लक्ष्मी तेलुगूत काहीतरी म्हणाली. त्यानं मान हलवली, नाक सोडलं नाही. मी तांब्या घेऊन दुकानातून उतरलो तर अण्णा वळूनही न बघता म्हणाले, "दुकानदार, दुकान सांभाळ."

शेवटी नरसूचे गुडघे टेकले आणि हात आपोआप सुटला. तो डांबरावर दोन्ही हात टेकून हवा ओढत राहिला, आणि त्या आवाजावर लोक पुन्हा हसले.

"आता कळलं का गाडीला काय होत हुतं?" अण्णा म्हणाले. "ऊठ, झाकण."

मी त्याला पाणी दिलं. तो प्याला नाही. लक्ष्मीनं त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं गल्लीच्या टोकाकडे चालत गेले.

त्या दिवसापासून नरसूचं नाव झाकण झालं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायला नको. मूर्ख माणसाला आपल्याकडे सगळेच झाकण म्हणतात. त्यामुळे नाव दुप्पट चिकटलं. रस्ता विचारणाऱ्याला लोक "झाकणाच्या गॅरेजपाशी वळा" म्हणून सांगू लागले. भाजीवाल्या लक्ष्मीला झाकणवाली म्हणू लागल्या. पवारसाहेबांना अण्णांनी स्वतः भोक असलेलं झाकण बसवून दिलं आणि गाडी नीट चालू लागली.

नीट म्हणजे काही आठवडे. मग एकदा पवारसाहेबांचा अण्णांना फोन आला आणि अण्णा एकटेच मोटारसायकलवर होटगीकडे गेले. गाडी आणून त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला लावली, जिथून ती रस्त्यावरून दिसत नाही. दोन दिवस ते तिच्याखालीच होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कॉइल गेली हुती." कॉइल त्यांनी माझ्याकडून नेली नव्हती. मला वाटलं, दुसरीकडून आणली असेल. त्यानंतर ती गाडी कधी बंद पडली नाही. आणि साधारण महिनाभरानं नरसूनं गॅरेजला कुलूप लावलं, सामान टेम्पोत भरलं आणि बायकोला घेऊन वेळापूरला निघून गेला. तिकडे लक्ष्मीचा भाऊ होता. गल्लीचं म्हणणं पडलं की झाकणाला नाव सोसलं नाही. माझीही तीच समजूत होती.

पुढे अण्णांचेही दिवस फिरले. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. तिथे यंत्र लावून दोष वाचतात. तरुण मेस्त्री तसं यंत्र घेऊन बसले, आणि अण्णांच्या शेडसमोर उभं राहून आवाज काढायला कुणी येईना. ज्या लोकांना अण्णांनी वर्षानुवर्षं हसवलं होतं, ते आता त्यांना हसू लागले. "अण्णा, ही गाडी बिघडली की मोबाइलवर दिसतं, तुम्ही कशावर बघता?" असं विचारून आपसांत डोळे मिचकावायचे. अण्णा म्हणायचे, "तुज्या तोंडावर." पण पूर्वी हे वाक्य ऐकून समोरचा गप्प व्हायचा. आता तो हसत हसत निघून जायचा.

साखर त्यांना होतीच. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम त्यांनी ग्रीस लावून कित्येक दिवस चालवली. दवाखान्यात नेलं तोवर पाय काळा पडला होता. तो गुडघ्याखाली कापावा लागला. शिवानंद पुण्याहून आला, सगळी सोय केली, औषधं आणली, रात्री जागला, आणि वडिलांशी गरजेपुरताच बोलला. अण्णांचं तोंड मात्र शाबूत होतं. एका नर्सला शीर सापडायला वेळ लागला, तर तिला म्हणाले, "जेट कुटं हाय तेच म्हाईत न्हाय आन् निघाली कार्ब्युरेटर खोलायला." ती रडत बाहेर गेली. नंतर त्यांच्या खाटेकडे यायला नर्सेस एकमेकींना पुढे करायच्या. हाक मारली तरी उशीर व्हायचा. ओल्या पट्टीत ते तासन्‌तास पडून असायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती पट्टी दाखवायचे.

मी अधूनमधून जाऊन बसायचो. एका संध्याकाळी ते त्यांच्या जुन्या निदानांच्या गोष्टी सांगत होते. कुठली गाडी कुणाला उमगली नाही आणि त्यांना कशी उमगली. सांगता सांगता थांबले.

"एकदाच चुकलो, दुकानदार."

"कधी?"

"पवाराची गाडी. टाकी उतरवली तर आतनं लेपाचे पापुद्रे निघाले. हे एवढाले. पेट्रोलच्या ओढीनं जायचे आन् पाइपाच्या तोंडाशी बसायचे. इंजिन मेलं की ओढ संपली, पापुद्रा खाली. म्हणून परत चालू. टाकी भरलेली असली तर काय न्हाय, पेट्रोल खाली गेलं की आजार सुरू." ते खुशीत होते. एखाद्या हुशार चोराबद्दल बोलावं तसं बोलत होते. "नरसू म्हणला हुता तेच."

मी विचारलं, "अण्णा, नरसूला सांगितलंत हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सलाइनची बाटली संपत आली," ते म्हणाले. "नर्सला हाक मार."

त्यानंतर काही दिवसांतच जखमेतलं विष अंगात पसरलं आणि अण्णा गेले. शेवटचे दिवस वाईट होते. ओरडायचे. त्यांना त्यांच्या गावी नेलं आणि त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. गल्लीतून आम्ही मोजकेच गेलो होतो. नरसू आला नव्हता.

परतल्यावर मी गल्लीत चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली. झाकणाचा दोष होता, पण खरा आजार नरसूनंच ओळखला होता, हे अण्णांनी स्वतः कबूल केलं, असं. कुणी वाद घातला नाही. एकजण म्हणाला, "औषधाच्या गुंगीत बोलले असतील." दुसरा म्हणाला, "अण्णा चुकतील व्हय कधी? आन् माणूस गेल्यावर कशाला हे." ज्यांनी हयातीत त्यांची टिंगल केली होती तेच हे बोलत होते. मेल्यावर अण्णा पुन्हा गल्लीतले सगळ्यात मोठे मेस्त्री झाले होते, आणि त्या गोष्टीत नरसूला गुडघ्यावर बसलेलंच राहायला हवं होतं.

मग मी वेळापूरला गेलो.

नरसूचं दुकान रस्त्याकडेला आहे. मोटारसायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. केस पिकले आहेत. त्यानं मला ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि पंप खोलता खोलता अण्णा गेल्याचं ऐकून घेतलं. मी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, त्याच्या हातातलं काम थांबेल. ते थांबलं नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "अण्णा स्वतः सांगून गेले होते."

"कधी?"

"टाकी उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पूर्वभागात घरी आले. पहिल्यांदाच. लक्ष्मीनं पाणी दिलं. त्यांनी खिशातनं कागदाची पुडी काढली, आतला पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, तू बरोबर हुतास. पाठीवर हात ठेवला, तोही पहिल्यांदाच. म्हणाले, माज्या हाताखालचा शोभलास." नरसूनं पंपाचा वॉशर उजेडात धरून बघितला. "मी रडलो हो. मी विचारलं, अण्णा, उद्या गल्लीत सांगाल? तर म्हणाले, गल्लीत मी चुकत न्हाय. पाणी प्याले आणि गेले."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत नरसूनं वॉशर पुसून घेतला.

"हसण्याचं काय," नरसू म्हणाला. "लोक हसतात, विसरतात. अण्णा न सांगता राहिले असते तर मी समजलो असतो, म्हाताऱ्याचं चुकलं. त्याला कळलं नाही. मी तिथंच राहिलो असतो. पण त्यानंतर रोज माझ्या गॅरेजवरून जाताना चार लोकांत हाक मारायचे, काय झाकण, चालू हाय का? आणि डोळ्यांत कौतुक असायचं. खरं कौतुक. बापानं बघावं तसं. ते मला महिनाभर सोसलं, पुढं नाही सोसलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, की मी गल्लीत सगळ्यांना खरं सांगितलंय.

"ऐकलं कुणी?"

"नाही."

त्याला त्याचं नवल वाटलं नाही. त्यानं वॉशर बसवला, पंपाचं तोंड घट्ट केलं, दांडा वरखाली करून बघितला. पाण्याची धार नीट आली. मग हात पुसत तो माझ्यासमोर येऊन बसला.

"शेवटी त्रास झाला का त्यांना?"

"झाला."

"फार?"

"फार," मी म्हणालो.

नरसूनं मान हलवली. मी आल्यापासून त्यानं चहाचं विचारलं नव्हतं. आता आत वळून त्यानं लक्ष्मीला हाक मारली आणि पाहुण्यांना चहा ठेव म्हणाला, जरा जास्त दुधाचा कर.